भगंदराचं ऑपरेशन आणि 'कंट्रोल': मामांसाठी सल्ला हवा आहे (सांगली-मिरज)

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आहे, पण इथे सगळेच टोपणनावाने वावरतात म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

आमचे मामा, वय ५६. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. सौदे सुरू झाले की सकाळपासून गादीवर बैठक. गेल्या पावसाळ्यात संडासच्या जागेशेजारी मोठं गळू झालं. गावातल्या डॉक्टरांनी ते फोडून पू काढला. जखम भरली असं वाटलं, पण तेव्हापासून तिथेच पुटकुळी येते, फुटते, चार दिवस बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. मामा जुन्या धोतराच्या फडक्याची घडी आत ठेवतात आणि एका कुल्ल्यावर भार देऊन वही लिहितात. दुकानात सगळ्यांना वाटतं कंबर धरलीय.

मिरजेतल्या एका सर्जननी भगंदर सांगितलं. म्हणाले, आधी एमआरआय करा. बहुतेक दोरा टाकून ठेवावा लागेल आणि मुख्य ऑपरेशन काही महिन्यांनी. दुसऱ्या ठिकाणी, जिथे दारावर मोठ्या अक्षरात लेझर लिहिलंय, सांगितलं की एमआरआय कशाला, सकाळी या, संध्याकाळी घरी, कापाकापी नाही. तिसरं मत मामींच्या माहेरून आलं: क्षारसूत्र, म्हणजे आयुर्वेदातला औषधी लेपाचा धागा.

मामांना पैशांची नाही, वेगळीच काळजी आहे. गाडीवर माझ्या मागे बसून त्यांनी विचारलं, "कंट्रोल जाईल का रे?" म्हणजे शी-वारं अडवण्याचा ताबा. त्यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं तसं झालंय, लग्नकार्याला जाणंही सोडलं त्यांनी. कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर लिहा.

भडंगप्रेमी

वाचतोय. आमच्याकडे काकांचा हाच घोळ चालू आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

येरळाकाठ

माझं लेझरनेच झालं. दुसऱ्या दिवशी कामावर. तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. उगाच लांबवू नका, असं माझं मत.

शल्यक

हरिपूरकर, मी जनरल सर्जन, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. निम्मी ओपीडी याच जागेची असते. न तपासता निदान करणार नाही, पण मामांनी विचारलंय ते अगदी नेमकं आहे, आणि ऑपरेशनच्या आधी विचारलंय हे फार चांगलं. बहुतेक जण नंतर विचारतात.

आधी रचना समजून घ्या. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. त्याभोवती स्नायूंची दोन कडी. आतलं कडं आपल्या मर्जीवर चालत नाही, ते आपणहून आवळलेलं असतं. रात्री गाढ झोपेत कपडे कोरडे राहतात ते मुख्यतः त्याच्या जिवावर. बाहेरचं कडं आपल्या ताब्यातलं. एसटीत कळ आली आणि स्टँड यायला वेळ आहे, तेव्हा आपण आवळून धरतो ते हे. त्याच्या वरच्या अंगाला प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू गुदाशयाला मागून पुढे ओढून तिथे कोन करून ठेवतो. तो तुटला तर पुढचं सगळंच कठीण. शिवाय अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्याच सुजून खाली उतरल्या की आपण मूळव्याध म्हणतो. नळ कितीही घट्ट फिरवा, वॉशर नसेल तर थेंब गळतोच. त्या गाद्या म्हणजे तो वॉशर. म्हणून मूळव्याधीचं ऑपरेशन करताना 'सगळं साफ करून टाका' म्हणणाऱ्या पेशंटचं मी ऐकत नाही. मधली कातडी आणि अस्तराच्या पट्ट्या राखाव्याच लागतात, नाहीतर वाट आकसते किंवा गळते. आणि तिथल्या अस्तराला जाण असते. आलेलं वारं आहे, पातळ आहे की घट्ट, हे ते ओळखतं. ती जाण गेली तर स्नायू शाबूत असूनही फजिती होते.

आता भगंदर. नळी आतल्या बारीक ग्रंथीपासून निघते आणि या कड्यांमधून वाट काढत कातडीपर्यंत येते. वाटेत किती स्नायू ओलांडते यावर सगळं अवलंबून. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचे सर्जन पार्क्स यांनी १९७६ साली चार प्रकार मांडले, आजही तेच चालतात. नळी दोन कड्यांच्या मधूनच खाली उतरली असेल तर ती उभी उघडून टाकायची. शंभरात नव्वदच्या वर लोक बरे होतात आणि कंट्रोलला फारसा धक्का लागत नाही. बाहेरचं कडं भेदून गेली असेल तर किती उंचीवरून भेदलंय ते बघायचं. खालचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी असेल तर बरेच सर्जन उघडतात. त्याच्या वर असेल तर नळी उघडण्याची घाई करू नये. बाईमाणसाच्या पुढच्या बाजूला तर बाहेरचं कडं मुळातच आखूड असतं, तिथे हा हिशोबही लावू नये.

म्हणून एमआरआय. तो 'कशाला' असं म्हणणाऱ्याला विचारा, मग नळी कुठून जाते ते तुम्हाला कळलं कसं?

येरळाकाठ, तुमचं बरं झालं, आनंद आहे. पण लेझरने दोन वेगळी कामं करता येतात. नळीत बारीक फायबर घालून ती आतून जाळत मागे यायचं, हे एक. यात स्नायू कापत नाहीत, पण कायमचं बरं होण्याचं प्रमाण शंभरात साठ-पासष्टच्या घरात, आणि आतलं तोंड नीट बंद झालं नाही तर परत येतं. दुसरं, त्याच लेझरने नळी उघडी कापायची. मग चाकूने कापलं काय नि लेझरने काय, स्नायू तुटला तो तुटलाच. तेव्हा मामांनी दोन्हीकडे सरळ विचारावं: माझ्या बाहेरच्या स्नायूचा किती भाग कापणार? उत्तर देता आलं नाही तर चप्पल घालून बाहेर पडावं.

येरळाकाठ

माझं नेमकं कुठलं केलं ते मला माहीत नाही हो. कागद काढून बघतो.

वैद्य_मिरज

मी शल्यतंत्राचा, म्हणजे आयुर्वेदातल्या सर्जरीचा, वैद्य. क्षारसूत्र हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो.

सुश्रुतांनी भगंदर आठ महागदांत (बऱ्या व्हायला अवघड आजारांत) धरला आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. धाग्याची आजची पद्धत बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात पुन्हा बसवली गेली. २० नंबरचा लिननचा धागा, त्यावर २१ लेप: आधी ११ निवडुंगाच्या चिकाचे, मग ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. (मामांच्या दुकानातली हळद इथेही आलीच.) दर आठवड्याला धागा बदलायचा. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाट कापत आणि भरत येते. आयसीएमआरने वेगवेगळ्या केंद्रांत क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. भरायला मात्र क्षारसूत्राला ८ आठवडे आणि शस्त्रक्रियेला ४. म्हणजे मामींच्या माहेरच्यांचा सल्ला अगदीच हवेतला नाही.

पण एक गोष्ट आमच्यातले काही जण सांगत नाहीत, ती मी सांगतो. धागाही शेवटी कापतच जातो. हळू कापतो, मागे मागे व्रण धरत जातो, त्यामुळे स्नायूची टोकं एकदम लांब सरकत नाहीत. तरी नळी उंचावरून गेली असेल तर खालचा सगळा स्नायू आज ना उद्या त्या धाग्याखाली येणार. अशा वेळी आम्ही बाहेरून वेगळी छोटी वाट करून नळी दोन कड्यांच्या मध्ये गाठतो आणि तिथून आतला तेवढाच तुकडा धाग्यावर घेतो. बाहेरचं कडं वाचतं. हे ज्याला येत नाही त्याच्याकडे उंच भगंदर नेऊ नका, मग पाटीवर एमएस असो की बीएएमएस.

शल्यक

वैद्यबुवा, +१. आमच्याकडेही घट्ट आवळत नेण्याचा दोरा पूर्वी सर्रास वापरत, त्याचाही हाच दोष. आता आम्ही बहुतेक वेळा सैल दोरा ठेवतो. तो काही कापत नाही, फक्त पू वाहता ठेवतो. हरिपूरकर, मिरजेच्या सर्जननी तोच म्हटलेला असणार.

बखरबहाद्दर

अवांतर: या दुखण्याने फ्रान्सचा चौदावा लुई राजाही बेजार होता. त्याचा शल्यविशारद फेलिक्स याने आधी गोरगरीब रोग्यांवर हात साफ करून घेतला, खास सुरी घडवून घेतली आणि नोव्हेंबर १६८६ मध्ये राजाची नळी उघडली. राजा बरा झाला, सर्जनचं नशीब उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात इकडे औरंगजेबाने विजापूर घेतलं होतं, म्हणजे आपल्या या मुलखात काय धामधूम असेल बघा.

भडंगप्रेमी

राजाचा कंट्रोल राहिला हे कळलं. त्या गोरगरिबांचं काय झालं ते कोण विचारतो!

हरिपूरकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मामांना हा धागा वाचून दाखवला. आतलं कडं झोपेतही आवळलेलं असतं, इथपर्यंत आलो आणि मामा म्हणाले, थांब.

वीसेक वर्षांपूर्वी त्यांचं चिरेचं, म्हणजे फिशरचं, ऑपरेशन झालं होतं. कुठे ते लिहीत नाही. कागद नाहीत. दुखणं गेलं, पण तेव्हापासून गॅस अडवता येत नाही. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मामींनाही नाही. लग्नात मामा नेहमी शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर बसतात. आम्ही समजायचो, दिवाणजींचा स्वभावच तसा, सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवत नाहीत.

मिरजेत 'आधी ऑपरेशन झालंय का' विचारलं होतं. मामा 'नाही' म्हणून मोकळे झाले. लेझरवाल्यांनी विचारलंच नाही.

शल्यक

हरिपूरकर, मामांना माझा नमस्कार सांगा. हे सांगणं सोपं नव्हतं, आणि यामुळे सगळा हिशोब बदलतो.

बहुधा त्यांच्या आतल्या कड्याचा खालचा भाग बाजूने कापलेला असणार. फिशरसाठी आतलं कडं कापण्याची शस्त्रक्रिया आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये मांडली. आवळलेलं आतलं कडं थोडं सैल केलं की रक्तपुरवठा सुधारतो आणि चीर भरते. गुण हमखास, नव्वद टक्क्यांच्या वर. पण काही जणांना त्याची किंमत वाऱ्याच्या किंवा डागाच्या रूपात मोजावी लागते. पूर्वी जरा सढळ हाताने कापत. आता आधी इसबगोल, गरम पाण्याचा शेक, डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम (दुसऱ्याने डोकं दुखतं), कधी बोटॉक्सचं इंजेक्शन. कापायचंच झालं तर चिरेच्या उंचीइतकंच. मामांच्या वेळी काय केलं ते आता सांगता येणार नाही, पण बघता येईल.

म्हणजे मामा वीस वर्षं मुख्यतः बाहेरच्या कड्यावरच काम चालवत आहेत. तेच कडं भगंदराच्या नावाखाली कापलं तर उरलं काय? ज्याचं आतलं शाबूत आहे त्याला चालेल ते ऑपरेशन मामांना चालेलच असं नाही.

आता 'कंट्रोल मोजायचा' म्हणजे काय ते सांगतो. मशीन नंतर येतं. आधी पाच प्रश्न. जॉर्ज आणि वेक्सनर या दोघांनी १९९३ मध्ये बसवलेला हा स्कोअर आहे. घट्ट शी नकळत होते का? पातळ होते का? वारं सुटतं का? पॅड किंवा फडकं वापरावं लागतं का? आणि यामुळे रोजच्या जगण्यात बदल करावा लागलाय का? प्रत्येकाला ० ते ४. कधीच नाही तर शून्य, महिन्यात एकदाही नाही पण क्वचित होतं तर १, रोज असेल तर ४. एकूण ० म्हणजे उत्तम, २० म्हणजे काहीच ताबा नाही. सेंट मार्क्सचा १९९९ चा दुसरा स्कोअर आहे, त्यात 'कळ आल्यावर पंधरा मिनिटं थांबता येतं का' हेही विचारतात. मला तो प्रश्न फार आवडतो, कारण लोक 'सुटतं का' याला लाजून नाही म्हणतात, पण 'थांबता येतं का' याला खरं उत्तर देतात.

मग बोटाने तपासणी. बोट आत गेल्यावर नुसतं राहू द्यायचं, किती ताण जाणवतो ते बघायचं. हे आतल्या कड्याचं काम. मग 'शी अडवल्यासारखं करा' म्हणायचं. इथे गंमत होते, दहातले निम्मे लोक कुल्ले आवळतात किंवा पोट फुगवतात आणि आत काहीच हलत नाही. म्हणून दुसरा हात पोटावर ठेवतात. मग 'जोर करा' म्हटल्यावर सैल पडतं की उलट आवळतं, तेही कळतं. अनुभवी बोट बरंच काही सांगतं, फुकट सांगतं, आणि हल्ली तेच केलं जात नाही.

यानंतर आतून सोनोग्राफी. आतलं कडं काळं दिसतं, बाहेरचं करडं-पांढरं. काळ्या कड्यात फट असेल तर ती स्पष्ट दिसते. आणि मॅनोमेट्री: बारीक नळी आत ठेवून शांत असताना, आवळताना, खोकताना किती दाब येतो ते मोजतात. फुगा फुगवून जाण किती आहे तेही बघतात. मॅनोमेट्री सगळ्यांना लागत नाही, आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नये. दाब कमी असून सुखी असलेले आणि दाब चांगला असून बेजार झालेले, दोन्ही बघितलेत. पण आधी ऑपरेशन झालेला, बाळंतपणात फाटलेली, वयस्क किंवा सतत जुलाब असलेला पेशंट असेल तर ऑपरेशनच्या आधीचा हा हिशोब कागदावर असायलाच हवा. नंतर काही बिघडलं तर आधी काय होतं ते तरी कळेल.

अनामिका_विश्रामबाग

इतके दिवस नुसती वाचक होते. 'बाळंतपणात फाटलेली' वाचून लिहावंसं वाटलं.

मला पहिल्या बाळंतपणात मागेपर्यंत फाटलं होतं, तिसऱ्या डिग्रीचं. टाके घातले, जखम भरली. वर्षाने बद्धकोष्ठाने फिशर झालं. एका ठिकाणी पाच मिनिटांत 'स्नायू थोडा कापू, पेन लगेच जाईल' असं सांगून तारीखही दिली. बाळंतपणाचं कुणी विचारलं नाही. सासूबाई बरोबर होत्या, म्हणून मीही बोलले नाही. नंतर कोल्हापूरला एका बाई सर्जननी बाहेर सगळ्यांना बसवून मला एकटीला विचारलं. सोनोग्राफीत पुढच्या बाजूला बाहेरच्या कड्यात जुनी फट निघाली. त्यांनी सांगितलं की बाळंतपणानंतरच्या फिशरमध्ये आतलं कडं बहुतेक वेळा जास्त आवळलेलं नसतंच, मग ते कापून उपयोग काय? मलम आणि इसबगोलवर भरलं. नसतं भरलं तर शेजारची कातडी सरकवून लावणार होत्या, स्नायूला हात न लावता.

ताई-वहिनींनो, फाटलं होतं का, चिमटा लावला होता का, बाळ किती वजनाचं होतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. सासू बरोबर असली तरी सांगा. नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या.

पलूसकर

माझं प्रकरण वेगळं आहे पण विषय हाच. मला गुदाशयाचा कॅन्सर होता, खालच्या बाजूला. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, पोटावर पिशवी. सर्जननी मोठ्या कौशल्याने खालचं तोंड वाचवलं, कायमची पिशवी टळली, घरात पेढे वाटले. काही महिन्यांनी पिशवी बंद केली आणि खरी परीक्षा सुरू झाली. सकाळी एकदा गेलो की तासात पाच-सहा वेळा. मग दिवसभर काही नाही, संध्याकाळी परत. कळ आली की थांबायला सवड नाही. स्नायू वाचला होता, पण वरची साठवणच काढून टाकलेली.

याला नाव आहे, लार्स, आणि त्याचाही स्कोअर आहे, हे मला दुसऱ्या शहरात फॉलोअपला गेल्यावर कळलं. डेन्मार्कमधला, २०१२ चा. पाच प्रश्न, ० ते ४२. वीसपर्यंत ठीक, २१ ते २९ थोडा त्रास, ३० पासून पुढे जास्त. माझा ३६ होता. जिथे ऑपरेशन झालं तिथे 'गाठ गेली ना, मग?' असं म्हणाले. गाठ गेली याचे उपकार आहेतच. पण आधी सांगितलं असतं तर पलूस ते सांगली एसटीचा पास काढला नसता.

लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) वेळ बांधून, जेवणात फेरफार, व्यायाम आणि रोज सकाळी पाण्याने आतून धुवून काढण्याची पद्धत शिकलो. आता स्कोअर २४ वर आहे. ज्यांना कायमची पिशवी सांगितली आहे त्यांनीही सर्जनशी भांडू नये. खालचं कडंच गाठीने धरलेलं असेल किंवा आधीच ढिलं असेल तर पिशवीवाला माणूस माझ्यापेक्षा निवांत फिरतो. आमच्या कॅन्सरवाल्यांच्या ग्रुपमध्ये असे दोघे आहेत, पंढरीची वारी चालत करतात.

फिजिओ_कुपवाड

पलूसकर काका, २४ म्हणजे खरंच मेहनत घेतलीत.

व्यायामाबद्दल थोडं. यूट्यूबवर बघून शंभर वेळा आवळणारे लोक येतात, त्यातले बरेच जण मांड्या आणि कुल्लेच आवळत असतात. नुसतं वारं अडवल्यासारखं आत वर ओढायचं, श्वास चालू ठेवून. पाच-सात सेकंद धरायचं, मग दुप्पट वेळ सैल सोडायचं. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं, हे लोक विसरतात. आधी आडवं पडून, जमलं की बसून, मग उभं राहून. बायोफीडबॅकमध्ये पडद्यावर दिसतं की बरोबर स्नायू आवळला की नाही, त्याने लवकर उमगतं. आणि मामांच्या केसमध्ये ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावं. नंतर दुखत असताना शिकवणं अवघड जातं. ताजी जखम असताना मात्र सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नये.

संडासात मोबाईल नेऊ नका. जोर करत बसणं हा याच स्नायूंचा आणि त्यांच्या नसांचा शत्रू.

भडंगप्रेमी

मोबाईलवरच हा धागा कुठे वाचतोय ते विचारू नका. उठतो.

येरळाकाठ

कागद सापडले. नळी दोन कड्यांच्या मधली आणि छोटी होती, लेझरने उघडली असं लिहिलंय. म्हणजे साधं प्रकरण होतं. हरिपूरकर, माझ्यावरून मामांचं ठरवू नका.

हरिपूरकर

मामा परत मिरजेच्या सर्जनकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर्जन रागावले वगैरे नाहीत, त्यांनी कागद पुढे ओढून पहिल्यापासून लिहायला घेतलं. पाच प्रश्न विचारले. वारं ४, पातळ कधीतरी म्हणून १, रोजच्या जगण्यातला बदल ३. फडकं पूसाठी आहे म्हणून ते धरलं नाही. एकूण ८.

एमआरआय झाला. आतलं तोंड मागच्या बाजूला सहा वाजता (जागा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे सांगतात), बाहेरचं डावीकडे. नळी बाहेरचं कडं भेदून गेलीय आणि कड्याचा जवळजवळ निम्मा भाग तिच्या खाली येतो. बाजूला पूची लहान पोकळी. सोनोग्राफीत आतल्या कड्यात तीन वाजता फट आहे, शल्यक म्हणाले तशीच. सर्जन म्हणाले, उघडायचा विषय संपला. आधी सैल दोरा, पोकळी साफ, नळीतला तुकडा तपासणीला, त्यात टीबीचीही तपासणी. मामांची साखर २१० निघाली, ती खाली आणायची. नंतर लिफ्ट नावाचं ऑपरेशन. यावर शल्यक काही सांगतील का?

शल्यक

व्यवस्थित योजना आहे. लिफ्ट बँकॉकच्या रोजनासकुल यांनी २००७ मध्ये पुढे आणलं. दोन कड्यांच्या मधल्या फटीतून शिरायचं, तिथे नळी शोधून दोन्ही बाजूंनी बांधायची आणि मध्ये तोडायची. कडं एकही कापत नाहीत. शंभरातले साठ ते सत्तर-पंचाहत्तर बरे होतात. उरलेल्यांत पुष्कळदा नळी पूर्वीपेक्षा खालची आणि साधी होऊन येते, मग पुढचं काम सोपं. पण मामांचं आतलं कडं आधीच कमी आहे, म्हणून त्या वेळीही 'राहिलेलं थोडं उघडून टाकू' असं कुणी म्हटलं तर परत हाच हिशोब मांडायचा. आतून अस्तराची पट्टी खाली ओढून तोंड झाकणं हा दुसरा मार्ग आहे, त्यालाही साधारण तेवढंच यश.

टीबीची तपासणी सांगितली हे फार बरं. आपल्याकडे परत परत येणाऱ्या भगंदरात ती राहून जाते.

हरिपूरकर

सर्जननी हे आकडे मामांना स्पष्ट सांगितले, परत येऊ शकतं हेही. मामा म्हणाले, "पू चालेल साहेब. फडकं बदलता येतं. दुसरं नको." सर्जन म्हणाले, मग आपलं जमलं.

परवा दोरा टाकला. आता अडचण अशी की नवीन हळदीचे सौदे जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात आणि मामांना तेव्हा गादी सोडवत नाही. दोरा तोपर्यंत ठेवून लिफ्ट सीझननंतर केलं तर चालेल का? आणि दोरा असताना तासन् तास मांडी घालून बसावं का?

शल्यक

सैल दोरा महिनोन् महिने राहिला तरी हरकत नसते, काहींचा वर्षभर असतो. साखर नीट खाली यायला वेळही मिळेल. पू अचानक थांबून दुखायला लागलं किंवा ताप आला तर मात्र सौदा अर्धवट सोडून यायचं, कारण मग वाट तुंबलेली असते. मांडी चालेल, पण अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं टाकायची. मध्ये भोक असलेली हवेची उशी घेऊ नका, तिने जागा ताणली जाते. साधी मऊ गादी बरी. दोन वेळा कोमट पाण्याच्या टबात बसणं, पुसून कोरडं करणं, आणि दोऱ्याची गाठ दिसली तर ओढून बघायची नाही. सगळे बघतात.

अनामिका_विश्रामबाग

धोतराच्या फडक्याऐवजी साधे सॅनिटरी पॅड वापरायला सांगा मामांना. मामींकडून मागायला लाजत असतील तर तुम्ही आणून द्या. कडेची कातडी चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं.

हरिपूरकर

आणले. मामींनीच पिशवीत भरून दिले, वर दोन जुन्या टॉवेलचे तुकडे. मॅनोमेट्री लिफ्टच्या आधी करून घ्या असं सर्जन म्हणालेत, इथे जवळपास कुठे होते ते कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल का?

वैद्य_मिरज

व्यनि केला आहे.